आयत्या वेळच्या विषयात लढाई

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते तेव्हा वहिनीचा फोन आला. "ताई, औंदा चार दिन आगूदर या. तुम्हना भाऊ लढाईमा गयात."

मी भडगावला, स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत बसले होते. माझा भाऊ एकाहत्तर वर्षांचा. गुडघे कामातून गेलेले. नरडाण्याजवळच्या आमच्या गावातून धुळ्याला जायचं म्हटलं तरी तो दोन दिवस आधीपासून पिशवी भरायला घेतो. मी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठल्या लढाईत?"

"ती नही का टीव्हीमा चालू शे, तीच. सकायपासून तठेच ऱ्हातस. जेवाले हाका मारी मारी मना घसा बसना."

मग माझ्या लक्षात आलं. युक्रेनची लढाई सुरू होऊन चार वर्षं होऊन गेली होती आणि भावाने ती पहिल्या दिवसापासून मनावर घेतली होती. सुरुवातीला मला फोन करून सांगायचा, "पंधरा दिनमा मिटी जाई." मग दिवाळीपर्यंत मिटेल म्हणाला, मग पुढच्या आखाजीपर्यंत. पुढे पुढे त्याने तारखा देणं बंद केलं, आणि वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे खरी काळजी तिथूनच सुरू झाली.

मी चार दिवस आधी गेले. माहेरचं घर आता सिमेंटचं, दोन खोल्यांचं आहे. पुढच्या खोलीत शिरले आणि समोर भिंतीवर माझाच नकाशा दिसला. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. शाळेने जुने नकाशे काढून टाकले तेव्हा जगाचा एक मोठा नकाशा मी घरी आणला होता, तो भावाने मागून नेला होता. नकाशा इतका जुना की आता लढणारे दोन्ही देश त्यात एकच देश होते, एकाच गुलाबी रंगाचे. भावाने बॉलपेनने मधून अंदाजाने सीमा आखली होती. सीमेवर दोन्ही बाजूंनी टिकल्या लावल्या होत्या, एकीकडे लाल, दुसरीकडे हिरव्या. काही टिकल्यांवर खडे होते.

"खडावाली म्हंजे रणगाडा," वहिनी पाण्याचा तांब्या देत म्हणाली. "मन्या टिकल्या बठ्ठ्या लढाईमा गयात. आते हळदी-कुंकूले मी काय लावू?"

भाऊ खुर्चीत बसला होता. गाव त्याला नाना म्हणतं. आयुष्यभर त्याने एसटीत नोकरी केली, आधी कंडक्टर आणि मग बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी कधी सुटली, का सुटली नाही, हे लाउडस्पीकरवरून सांगण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे त्याचं बोलणं अजूनही घोषणेसारखं होतं.

"बईस," तो म्हणाला. "तुले एक इचारनं शे. हाई लढाई का बरं मिटत नही?"

"मला काय माहीत भाऊ?"

"माले माहीत शे. एक तास उशीर व्हयना ते पंक्चर समजानं. चार तास व्हयना ते इंजन. पन चार वरीस उशीर व्हयना ते समजानं, कोनलेतरी ती गाडी येवाले नको शे. तो कोन, हाई सापडत नही."

त्या संध्याकाळी तो मला दूध डेअरीच्या ओट्यावर घेऊन गेला. दूध घालायला आलेली मंडळी किटल्या रिकाम्या करून तिथे तासभर बसतात. पूर्वी तिथे कापसाच्या भावावर बोलणं व्हायचं. आता लढाईवर होत होतं. आणि तिथे लढाई आहे हेच न मानणारा एक पक्षही होता.

त्या पक्षाचे पुढारी म्हणजे आमचे कृषी केंद्रवाले. खतं-बियाण्यांचं दुकान, पांढरा शर्ट, आणि भावाशी तीस वर्षांचं वैर. वैराचं मूळ कुणालाच आठवत नव्हतं. ते म्हणाले, "नाना, हाई लढाई नहीच शे. शूटिंग शे. रोज तीच बिल्डिंग पडस. मी मोजं. सतरा डाव पडनी."

"ती टीव्हीवाले पुन्हा पुन्हा दाखवतात," मी म्हणाले.

"काबरं दाखाडतस? दुसरी बिल्डिंग नही म्हनून!"

डेअरीत दूध मोजणाऱ्याचं मत वेगळं होतं. गोदामात पडून राहिलेला जुना दारूगोळा दिवाळीआधी दुकानदार जुना माल काढतात तसा काढतायत, असं तो म्हणत होता. कुणी म्हणालं तेल. कुणी म्हणालं, निवडणूक असेल कुठेतरी, पाहा. मग सगळे माझ्याकडे वळले. भावाने तसं सांगूनच ठेवलं होतं म्हणे, की भूगोलाच्या बाई आल्या की निकाल लागेल.

"बाई, त्या जमीनमा काय शे?" कृषी केंद्रवाल्यांनी विचारलं.

मला वाटलं, निदान एक खरी गोष्ट सांगावी. "काळी कसदार जमीन आहे," मी म्हणाले. "गहू, सूर्यफूल. आपल्या तापीकाठच्यासारखी, उलट जास्तच खोल."

मग एकदम सगळ्यांना सगळं समजलं. जमीन! तेल आणि दारूगोळा दूरच्या गोष्टी होत्या. बांध कोरणं, मोजणी, सातबारा हे प्रत्येकाच्या घरचं होतं. दूध मोजणारा गंभीरपणे म्हणाला, "तठे बी एमआयडीसी येई राहिनी व्हई." आणि आमच्याकडच्या किती जमिनी कशा गेल्या यावर बोलणं घसरलं ते अंधार पडेपर्यंत. दोन पिढ्या मुलांना मी काळ्या मातीचे गुणधर्म शिकवले, पण माझ्या शिकवण्याचा इतका परिणाम झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

आखाजी झाली. मांडे झाले, आमरस झाला, निंबाच्या झोक्यावर मीही दोन हेलकावे घेतले. आठवडाभराने एका सकाळी भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ग्रामपंचायतीत निघाला. एक मेची ग्रामसभा चार दिवसांवर होती. मला सोबत घेतलं.

ग्रामसेवक तरुण होते, बाहेरचे, फार सभ्य. भावाने त्यांच्यापुढे वहीतलं एक पान ठेवलं. "हाऊ ठराव घेनार शे आपलं गाव. लढाई बंद करानी."

ग्रामसेवकांनी पान वाचलं, पंख्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "नाना, हा विषय आपल्या कामात बसत नाही."

"बसाड."

"कशात बसवू? पाणीपुरवठ्यात? दिवाबत्तीत?"

"स्वच्छतामा बसाड."

ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लक्षात ठेवलं आहे. त्यांनी खरोखरच विचार केला आणि शेवटी म्हणाले, "विषयपत्रिका तर निघून गेली. पण आयत्या वेळचे विषय म्हणून एक कलम असतं. अध्यक्षांनी परवानगी दिली तर मी लिहून घेईन. सूचक पाहिजे आणि अनुमोदक पाहिजे."

सूचक भाऊ होताच. अनुमोदक शोधायला आम्ही बाहेर पडलो आणि तिथून सगळं बिघडलं.

तोवर गाव लढाईमागचा हेतू शोधत होतं. आता ते भावामागचा हेतू शोधायला लागलं. नानांना ठराव का हवा आहे? चार वर्षं मिटत नाही ती लढाई आत्ताच, निवडणुकीच्या आधी, का मिटवायची? दुपारपर्यंत ठरलं की नाना पंचायतीला उभे राहणार. संध्याकाळी कृषी केंद्रातून बातमी आली की दोनपैकी कुठल्यातरी एका देशाने नानांशी बोलणी केली आहेत, फक्त कोणत्या ते कळत नाही. भावाला पहिल्या गोष्टीचा राग आला आणि दुसरीचा, मला वाटतं, थोडा आनंद झाला.

तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. मी ओसरीत बसले होते. वहिनीने चहा आणून ठेवला तो न बोलता, आणि त्यात साखर नव्हती. वहिनीने माझ्या चहात साखर विसरण्याची ती चाळीस वर्षांतली पहिली वेळ.

"काय झालं वहिनी?"

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पदर बोटाला गुंडाळत, उलगडत. शेवटी म्हणाली, "ताई, खरं सांगा. तुम्ही हिस्सा मांगाले ऊन्यात का?"

गावात म्हणे बोललं जात होतं की भडगावची बहीण चार दिवस आधी आली ती जमिनीत वाटा मागायला, आणि बहीण-भावाचं घरात वाजलंय ते लोकांना कळू नये म्हणून नानांनी बाहेर हे लढाईचं सोंग उभं केलंय. मी ओट्यावर काळ्या कसदार जमिनीचं बोलले होते, तोच पुरावा.

मला आधी हसू आलं. मग वहिनीचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. तिने रात्र कशी काढली असेल ते दिसत होतं. मी उठून तिचा हात धरला. "वहिनी, तुम्हीच फोन करून मला लवकर बोलावलं ना?"

तिने विचार केला. "हा माय, मीच बोलायं व्हतं," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की खाली बसली. मग साखरेचा डबाच घेऊन आली. पण मला दिवसभर ते टोचत राहिलं. चाळीस वर्षं एकमेकींना ओळखणाऱ्या आम्ही बायका, आणि ओट्यावरची एक गोष्ट आमच्यात एक रात्र येऊन बसली होती.

एक मे उजाडला. ध्वजवंदन झालं आणि मारुतीच्या देवळासमोरच्या मांडवात ग्रामसभा भरली. एरवी आमच्या ग्रामसभेला माणसंच पुरत नाहीत. सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने तीच चार माणसं पुन्हा बसतात आणि सगळं मंजूर करतात. त्या दिवशी मांडव भरून लोक उन्हात उभे होते. बायकाही आल्या होत्या. ग्रामसेवक सह्यांचं रजिस्टर दोनदा मोजत होते. गणपूर्ती झालेली त्यांनी बहुधा प्रथमच पाहिली.

अध्यक्षस्थानी सरपंच होत्या. गाव त्यांना अक्का म्हणतं. बोलायला कमी, आवाज बारीक. गटार झालं, अंगणवाडीचं पत्र झालं, आणि ग्रामसेवक म्हणाले, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय."

भाऊ उठला. लाउडस्पीकर हातात आल्यावर त्याचे गुडघे बरे झाले. त्याने ठराव वाचला. खाली बसायच्या आत कृषी केंद्रवाले उभे.

"लढाई शे, हाईच माले मंजूर नही! जी गोष्ट नहीच शे ती बंद कशी करतस? सतरा डाव तीच बिल्डिंग..."

"अठरा डाव!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. मग दोन्ही बाजूंनी आवाज चढले. कुणी भावाला विचारलं, किती मिळाले? कुणी कृषी केंद्रवाल्यांना विचारलं, तुला काय मिळतं? ग्रामसेवक लिहायचे थांबले. तेवढ्यात अक्कांनी टेबलावर हात आपटला. जोरात नाही, पण त्यांनी हात आपटल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"बस व्हयनं," त्या म्हणाल्या. "आते मनी पोर बोली."

बायकांच्या मागे त्यांची मुलगी उभी होती. तिला पाहिलं आणि लक्षात आलं, ओट्यावर इतकं बोलताना तिची आठवण मलाही झाली नव्हती.

ही मुलगी तिथे डॉक्टरकी शिकत होती. युक्रेनमध्येच. लढाई सुरू झाली तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. जीव वाचवून परत आली तेव्हा गावाने शाल-नारळ दिलं होतं, धुळ्याहून आलेल्या एका चॅनलवाल्याने "कसं वाटतंय?" विचारलं होतं आणि ती "छान वाटतंय" म्हणाली होती. उरलेलं शिक्षण तिने दुसऱ्या देशात जाऊन पूर्ण केलं. गेलं वर्षभर ती घरीच होती, इथली परीक्षा द्यायची म्हणून पुस्तकं घेऊन बसलेली. येताजाता सगळे तिला दोनच प्रश्न विचारत होते, पास कधी होणार आणि लग्न कधी करणार. मीही फोनवर तिला सांगितलं होतं, अभ्यास सोडू नकोस. एवढंच.

ती पुढे आली. लाउडस्पीकर घेतला नाही.

"काका, बिल्डिंग एकच दाखवतात हे खरं आहे," ती कृषी केंद्रवाल्यांना म्हणाली. "आमची नाही दाखवली. आमची पडली नाही, फक्त काचा गेल्या. आम्ही अकरा दिवस तळघरात होतो."

भाऊ उभाच होता. त्याने विचारलं, आणि पहिल्यांदाच घोषणेसारखं नाही, "बेटा, मंग ती लढाई चालू काबरं शे? तठेना लोक काय सांगेत?"

ती थोडं हसली. "नाना, तळघरात संध्याकाळी हेच चालायचं. आमच्या हॉस्टेलचे वॉचमन, मेसमधल्या बाई, वरच्या मजल्यावरचे दोन म्हातारे. एक म्हणायचे गॅस, एक म्हणायचे जमीन, एक म्हणायचे निवडणूक. एका आजोबांना तर वाटायचं की मुळात काही नाहीच, टीव्हीवाले घाबरवतात. तेही आमच्याबरोबर तळघरातच बसलेले होते. असंच भांडायचे सगळे. फक्त हळू आवाजात."

मी कृषी केंद्रवाल्यांकडे पाहिलं. ते खाली बसले होते.

मग बायकांतून एकीने विचारलं, "तठे खावाले काय दिधं तुले?" आणि सभा बायकांच्या हातात गेली. बटाटे, ती म्हणाली, आणि बिटाचं सूप. बिटाचं? हो, बिटाचं वरणच समजा. मीठ होतं का? पाणी? अंथरूण? चालत किती गेलीस? तीस किलोमीटर, आणि बूट मैत्रिणीचे होते, एक नंबर लहान. "वं माय," म्हणत एक म्हातारी उठली, मुलीजवळ गेली आणि चार वर्षांपूर्वीच्या त्या पायांकडे वाकून पाहू लागली. अक्का अध्यक्षांच्या खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. नंतर कळलं की यातलं बरंचसं त्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं होतं.

भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. "पोर सालभरपासून पन्नास पावलंवर बठेल शे," तो पुटपुटला, "नि आपन टीव्हीले इचारी राहिनूत."

शेवटी ग्रामसेवकांनी घसा खाकरला. सूचक आहेत, अनुमोदक कोण? कृषी केंद्रवाल्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला. कुणाकडे न पाहता म्हणाले, "लिखी ल्या मनं नाव." तीस वर्षांत या दोघांची नावं एका कागदावर कधी आली नव्हती.

ठरावाची भाषा ग्रामसेवकांची. ती मी उतरवून घेतली: "सदर युद्ध तात्काळ थांबविण्यात यावे, तसेच ते आजपावेतो सुरू ठेवण्यामागील कारणे ग्रामसभेस लेखी कळविण्यात यावीत." एका सदस्याच्या आग्रहाने त्यातच स्मशानभूमीच्या रस्त्याचं खडीकरण घातलं, कारण वेगळा ठराव करायला वेळ नव्हता. सर्वानुमते मंजूर.

ठराव वर गेला. महिन्याभराने उत्तर आलं, ते भावाने मला फोनवर वाचून दाखवलं. प्रस्तावासोबत अंदाजपत्रक व जागेचा नकाशा जोडलेला नसल्याने प्रस्ताव परत करण्यात येत आहे. ते खडीकरणाबद्दल होतं की लढाईबद्दल, यावर ओट्यावर आठ दिवस चर्चा झाली. भावाचं म्हणणं, लढाईबद्दलच. मला त्याच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी मजा ऐकू आली.

पण हे नंतरचं. मी भडगावला परत निघाले त्या दिवशी अक्कांच्या मुलीने मला स्कुटीवरून नरडाण्याच्या फाट्यावर सोडलं. ऊन मी म्हणत होतं. शेडमध्ये बाकावर एक म्हातारा बसला होता, टोपीने वारा घेत. आम्ही शेजारी बसलो. मी म्हणाले, "मी तुला तेव्हा विचारायला हवं होतं."

"तेव्हा मला सांगताही आलं नसतं, बाई," ती म्हणाली.

मग तिचा फोन वाजला. तिने आवाजी निरोप उघडला. एक मुलगी भराभर काहीतरी बोलत होती, भाषा मला अजिबात कळेना, शेवटी हसली.

म्हाताऱ्याने मान वळवली. "कोन बोली राहिनं, पोरी?"

"मनी मैत्रीण शे, आबा. लई दूरनी. जठे लढाई चालू शे ना, तठेनी."

"बठ्ठं बरं शे ना तठे?"

"नही, आबा. पन ती मन्यावर रागावनी शे. मी तिले सांगं, आठे पंचेचाळीस डिग्री ऊन शे. ती सांगस, हाई खोटं शे, इतला ऊनमा मानूस जगूच शकत नही. तू माले येडी बनाडी राहिनी."

म्हाताऱ्याने बाहेर, वाफा निघणाऱ्या डांबराकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली आणि तिच्या फोनकडे बोट केलं.

"काढ मना फोटू," तो म्हणाला. "धाड तिले."

ती उठली, उजेडाकडे पाठ करून उभी राहिली आणि फोटो काढला. म्हातारा हसला नाही. मतदानाच्या कार्डासाठी बसावं तसा ताठ बसून राहिला. तेवढ्यात माझी गाडी आली.